सरकारी योजनांचं नवं लॉगिन: पासवर्ड गेला, ओटीपी आणि चेहरा आला. आधी काय तपासायचं?

मी मूळचा भोर तालुक्यातला, नोकरी पुण्यात. ऑफिसमध्ये माझं काम लॉगिन सिस्टिमचंच आहे, त्यामुळे गावाकडे कुणाचंही सरकारी खातं उघडेनासं झालं की फोन मला येतो. 'पीएम किसानचं केवायसी होईना', 'लाडकी बहीणचा ओटीपी येत नाही', 'महाडीबीटीला जुना पासवर्ड चालत नाही.' प्रश्न वेगवेगळे वाटतात, पण मूळ बहुतेक वेळा एकच निघतं.

नव्या पद्धतीत तुमचं खातं पासवर्डने उघडत नाही. ते उघडतं बहुतेक करून आधारला जोडलेल्या मोबाइल नंबरने. तो नंबर ज्याच्या हातात, खात्याची किल्ली त्याच्या हातात. म्हणून कुठल्याही पोर्टलवर जायच्या आधी हा नंबर तपासा. हा लेख भोर आणि वेल्हे तालुक्यातली घरं डोळ्यांसमोर ठेवून लिहिलाय, पण राज्यात कुठेही उपयोगी पडेल.

(वेल्हेकरांसाठी एक सूचना: २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तालुक्याचं नाव 'राजगड' करायला मंजुरी दिली. पोर्टलवर तालुका निवडताना यादीत 'वेल्हे' दिसलं नाही तर 'राजगड' शोधा. 'राजगड' नसेल तर 'वेल्हे'.)

नेमकं काय बदललं?

पीएम किसान: ही योजना फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झाली. वर्षाला ६,००० रुपये, २,००० च्या तीन हप्त्यांत. हप्ता चालू राहायला ई-केवायसी बंधनकारक आहे आणि ते तीन प्रकारे होतं: पोर्टलवर आधार ओटीपीने, सेवा केंद्रात अंगठा लावून, किंवा मोबाइल ॲपमध्ये चेहरा दाखवून. चेहऱ्याची सोय जून २०२३ मध्ये आली. राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे वर्षाला ६,००० रुपयेही पीएम किसानच्या पात्र शेतकऱ्यांनाच मिळतात. म्हणजे एक केवायसी अडकलं की दोन्हीकडचे पैसे अडकू शकतात.

महाडीबीटी (शेतकरी योजना): आधी युजरनेम-पासवर्ड होता. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे फार्मर आयडी, बंधनकारक झाला. आता तोच क्रमांक टाकून ओटीपीने आत जायचं.

लाडकी बहीण: महिन्याला १,५०० रुपये. १८ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने ई-केवायसी आलं. आधी दोन महिन्यांची मुदत होती, ती नंतर ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली. यात बाईच्या स्वतःच्या आधारसोबत नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी लागत होता. ज्यांचे पती आणि वडील हयात नाहीत किंवा घटस्फोट झालाय, त्यांच्यासाठी मग कागदपत्रं जमा करायची वेगळी सोय करावी लागली.

पेन्शन: हयातीचा दाखला ऑनलाइन देणारी जीवन प्रमाण सेवा नोव्हेंबर २०१४ पासून आहे. २०२१ पासून तो चेहऱ्यावरूनही देता येतो.

डिजिलॉकर, उमंग, मेरी पहचान: डिजिलॉकरला ओटीपी आणि सहा आकडी पिन लागतो. उमंगला मोबाइल नंबर आणि ओटीपी किंवा एमपिन. 'मेरी पहचान' ही केंद्राची २०२२ मध्ये आलेली एकत्रित लॉगिन सेवा. तिच्यामुळे एकाच ओळखीवर अनेक सरकारी सेवा उघडतात.

पासवर्ड का गेला?

कारण पासवर्ड माहिती करून घेतला की झालं, तो कुणीही वापरू शकतो. आपल्याकडे तर बहुतेक शेतकऱ्यांचे पासवर्ड त्यांना स्वतःला माहीतच नव्हते. फॉर्म भरून देणाऱ्या दुकानातल्या वहीत ते लिहिलेले असायचे, तेही बऱ्याचदा नाव आणि पुढे १२३ असे. ज्याच्याकडे वही, त्याच्याकडे गावाची खाती.

ओटीपीत वेगळं तत्त्व आहे. 'तुम्हाला काय माहीत आहे' याऐवजी 'तुमच्याकडे काय आहे' हे विचारलं जातं, म्हणजे सिमकार्ड. चेहरा आणि अंगठ्यात 'तुम्ही कोण आहात' हे विचारलं जातं. पोर्टल तुमचा आधार नंबर यूआयडीएआयकडे पाठवतं, यूआयडीएआय आधारला नोंदवलेल्या मोबाइलवर सहा आकडे पाठवते. ते दहा मिनिटं चालतात. तेवढ्या वेळात ते पोर्टलवर टाकले की यूआयडीएआय 'हो, हीच व्यक्ती' असं उत्तर देते.

पद्धत म्हणून हे पासवर्डपेक्षा नक्कीच भक्कम आहे. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलीय: आधारला जोडलेला नंबर तुमचाच आहे आणि चालू आहे. आपल्या भागात नेमकं तिथेच अडतं.

नंबर कुणाचा असतो?

गावाकडच्या नातेवाइकांचे आधार तपासताना मला साधारण चार प्रकार दिसले.

१. स्वतःचा नंबर, चालू. काही प्रश्न नाही.

२. पुण्या-मुंबईत असलेल्या मुलाचा नंबर. काम होतं, पण मुलगा मीटिंगमध्ये असेल किंवा इकडे आईच्या फोनला रेंज नसेल तर दहा मिनिटं निघून जातात. पानशेतच्या वरच्या अंगाला, केळद-मढे घाटाकडे किंवा नीरा देवघरच्या मागे हिरडस मावळात पावसाळ्यात वीज गेली की रेंजही जाते, हे सांगायला नको.

३. जुना, बंद पडलेला नंबर. स्वस्त रिचार्जच्या नादात सिम बदललं, आधारला मात्र जुनंच राहिलं. हे जास्त धोक्याचं आहे. सिम ९० दिवस वापरलं नाही तर कंपनी ते बंद करू शकते. त्यानंतर किमान ९० दिवस थांबून तोच नंबर नव्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. मग तुमचा आधार ओटीपी एखाद्या अनोळखी माणसाच्या फोनवर वाजतो.

४. फॉर्म भरून देणाऱ्याचा नंबर. माझ्या नात्यातल्या एका मावशींचं असंच होतं. आधार काढताना त्यांच्याकडे मोबाइल नव्हता, म्हणून केंद्रचालकाने स्वतःचा नंबर टाकला. पुढे ते दुकान बंद झालं. मावशींना हे कळलं ते पहिल्यांदा ओटीपीची गरज पडली तेव्हा, आणि तोवर मुदतीचे थोडेच दिवस उरले होते. त्यात कुणी काही चोरलं नाही. तरी इतकी वर्षं त्यांची किल्ली दुसऱ्याच्या खिशात होती.

तीन जोडण्या, तीन वेगळी कामं

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. 'आधार लिंक आहे की' असं लोक म्हणतात, पण कशाला लिंक?

आधार आणि मोबाइल: लॉगिन आणि केवायसीचा ओटीपी इथे येतो. हे यूआयडीएआयकडे नोंदवलेलं असतं.

आधार आणि बँक खातं: योजनेचा पैसा कुठल्या खात्यात जाणार हे यावरून ठरतं. ही नोंद एनपीसीआयच्या यादीत असते. दोन-तीन बँकांत खाती असतील तर जे खातं शेवटी आधारशी सीड केलं, त्यात पैसे जातात. 'हप्ता आलाच नाही' म्हणणाऱ्या कितीतरी जणांचा हप्ता दुसऱ्याच खात्यात पडलेला असतो.

बँक आणि मोबाइल: खात्यात पैसे आल्याचा मेसेज इथे येतो. बँकेत नंबर बदलला म्हणून आधारचा नंबर बदलत नाही. हे दोनदा वाचा, कारण पुष्कळांना वाटतं की बदलतो.

शेतकरी ओळख क्रमांक काढताना वेगळा मोबाइल नंबर दिला असेल तर ती चौथी जोडणी. तो नंबरही चालू ठेवा.

आपला नंबर कसा तपासायचा?

'माय आधार' या यूआयडीएआयच्या साइटवर लॉगिन न करताही दोन गोष्टी बघता येतात. आधार वैध आहे का हे तपासणाऱ्या पर्यायात आधार नंबर टाकला की वयोगट, लिंग, राज्य आणि जोडलेल्या मोबाइलचे शेवटचे तीन आकडे दिसतात. तीन आकडे ओळखीचे नसतील तर समजा की नंबर दुसऱ्याचा आहे. दुसऱ्या पर्यायात आधार नंबर आणि मोबाइल नंबर दोन्ही टाकून जुळतात का ते पाहता येतं.

लॉगिन झालं की तिथेच बँक सीडिंगची स्थिती बघा. आधार कुठल्या बँकेशी जोडलेलं आहे ते नावासकट दिसतं.

नंबर कसा बदलायचा?

आधार केंद्रात जाऊन: स्वतः जावं लागतं, अंगठा किंवा डोळे द्यावे लागतात. कुठलंही कागदपत्र लागत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून फी ७५ रुपये आहे. पावती जपून ठेवा, तिच्यावरच्या क्रमांकावरून काम कुठवर आलं ते बघता येतं. सहसा काही दिवसांत होतं, पण महिना धरून चाला. म्हणजेच मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात हे काम काढू नका.

पोस्टमनकडून: हे फार कमी लोकांना माहीत आहे. जुलै २०२१ पासून इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टमन आणि ग्रामीण डाक सेवक घरी येऊन आधारचा मोबाइल नंबर बदलून देऊ शकतात. ज्या वाडीतून तालुक्याला यायचं म्हणजे दिवस जातो, तिथल्या म्हाताऱ्या माणसांसाठी हाच मार्ग बरा. आपल्या पोस्टात यंत्र आहे का ते आधी विचारा.

ॲपवरून: यूआयडीएआयने नोव्हेंबर २०२५ मध्ये नवं आधार ॲप आणलं आणि त्यातून चेहरा पडताळून घरबसल्या नंबर बदलण्याची सोयही जाहीर केली. घरात चांगला स्मार्टफोन आणि तो नीट हाताळणारं कुणी असेल तर बघा.

घरात आजीकडे मोबाइलच नाही, मग? एकाच नंबरवर घरातले अनेक आधार जोडता येतात, त्यावर बंदी नाही. आजीच्या आधारला असा नंबर द्या जो आजी राहते त्याच घरात असतो. रोज शेजारी असलेल्या सुनेचा नंबर पुण्यातल्या मुलाच्या नंबरपेक्षा उपयोगी. दुकानदाराचा नंबर मात्र कधीच नको.

अंगठा उमटत नसेल तर चेहरा

भातलावणी, नाचणी, दगडधोंड्याचं काम करून बोटांच्या रेषा झिजतात. मशीन अंगठा घेत नाही म्हणून परत पाठवलेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिलीत. अशांना चेहऱ्याची पडताळणी खरोखर सोपी जाते.

त्यासाठी फोनमध्ये दोन ॲप लागतात: योजनेचं ॲप (उदाहरणार्थ पीएम किसान) आणि यूआयडीएआयचं 'आधार फेस आरडी'. दुसऱ्या ॲपचं चिन्ह उघडून काही दिसत नाही, ते मागे चालतं. त्यामुळे 'ॲप बिघडलंय' असं समजून काढून टाकू नका. कॅमेरा चेहरा बघतो, डोळ्यांची उघडझाप करायला सांगतो (समोर फोटो नसून जिवंत माणूस आहे हे कळायला), आणि ते चित्र आधारमधल्या फोटोशी जुळवलं जातं. उजेड समोरून हवा. ओसरीवर, पाठ भिंतीकडे आणि तोंड अंगणाकडे करून बसवा, बहुतेक वेळा पहिल्याच झटक्यात होतं. आधारचा फोटो फार जुना असेल तर जुळत नाही, मग आधी केंद्रात फोटो अपडेट करावा लागतो.

चेहऱ्याने केवायसी करायला स्वतःचा फोन असावा लागत नाही. पीएम किसानच्या ॲपवरून एक शेतकरी आणखी १०० शेतकऱ्यांचं केवायसी करून देऊ शकतो, अशी तरतूद सुरुवातीपासूनच आहे. गावात फोन हाताळणारा एक पोरगा किंवा पोरगी असली, तर रेंज मिळेल अशा जागी बसून एका सकाळी अख्ख्या वाडीचं काम होईल.

'ओटीपी कुणालाही सांगू नका', मग काम कसं करायचं?

हा सल्ला सगळीकडे असतो. पण आईचा ओटीपी मुलाच्या फोनवर येत असेल तर मुलगा तो सांगणारच. केंद्रात बसलेल्या माणसालाही सांगावाच लागतो. जो नियम पाळताच येत नाही तो लोक सोडून देतात आणि मग कुणालाही ओटीपी सांगतात. म्हणून मी घरच्यांना तीन अटी सांगितल्यात:

काम आपण सुरू केलेलं असलं पाहिजे. आपण काही केलं नाही आणि ओटीपी आला, तर तो कुणालाच सांगायचा नाही.

फोन आपण लावलेला असला पाहिजे, किंवा माणूस समोर बसलेला असला पाहिजे. समोरून आलेल्या फोनवर ओटीपी नाही. बँकेचा, कृषी विभागाचा, मंत्रालयाचा, कुणाचाही असो.

मेसेज पूर्ण वाचायचा. काम केवायसीचं सांगितलं आणि मेसेज पैसे काढण्याचा असेल तर तिथेच थांबायचं.

नव्या पद्धतीवर नवे चोर

पासवर्ड चोरून उपयोग नाही म्हटल्यावर चोर ओटीपीच्या मागे लागले. 'पीएम किसान' नावाची एपीके फाइल व्हॉट्सॲपवर फिरताना तुम्हीही पाहिली असेल. ती फाइल उघडली की ॲप बसतं, मेसेज वाचायची परवानगी मागतं आणि मिळाली की फोनवर येणारा प्रत्येक ओटीपी परस्पर दुसरीकडे पाठवतं. तुम्ही कुणाला काही सांगितलेलंच नसतं, तरी खातं रिकामं होतं. गावातल्या ओळखीच्या माणसाकडून फाइल आली म्हणजे ती बरी, असं समजू नका. त्याचा फोन आधीच फसलेला असू शकतो. ॲप फक्त प्ले स्टोअरवरून घ्या.

लाडकी बहीणच्या केवायसीच्या काळात खोट्या साइटही निघाल्या होत्या आणि महिला व बालविकास विभागाला तसा इशारा द्यावा लागला. पत्ता शेवटून वाचायची सवय लावा: केंद्र आणि राज्य सरकारच्या साइटचा पत्ता सहसा 'जीओव्ही डॉट इन' ने संपतो. राज्याचा असेल तर त्याच्या आधी बऱ्याचदा 'महाराष्ट्र' असतं. मध्येच कुठेतरी 'जीओव्ही' आणि शेवटी 'डॉट कॉम' किंवा 'डॉट एक्सवायझेड' असेल तर ती साइट सरकारची नाही.

अंगठ्याचंही तसंच. एका अंगठ्यावर आधारशी जोडलेल्या खात्यातून रोख रक्कम काढता येते. त्यामुळे 'केवायसी झालं नाही, परत लावा' असं दोन-तीनदा कुणी म्हटलं तर स्क्रीन आपल्याकडे फिरवायला सांगा. संकोच करू नका.

बायोमेट्रिक लॉक करा. आधारच्या ॲपमधून किंवा साइटवरून बोटं, डोळे आणि चेहरा कुलूपबंद ठेवता येतात. गरज पडेल तेव्हा थोड्या वेळापुरतं उघडायचं. कुलूप असताना कुणी अंगठा लावला तर ३३० असा एरर येतो, म्हणजे मशीन बिघडलेलं नाही, तुमचं कुलूप काम करतंय. आजी-आजोबांचं लॉक करणार असाल तर घरात सांगून ठेवा, नाहीतर बँक मित्राकडे पैसे काढताना किंवा रेशन दुकानात अंगठा लागणार नाही आणि फुकट हेलपाटा होईल. उघडायलाही बहुतेक वेळा ओटीपीच लागतो, म्हणून नंबर आधी ठीक करा, लॉक नंतर.

आणि महिन्यातून एकदा 'माय आधार' वर पडताळणीचा इतिहास बघा. मागच्या सहा महिन्यांत तुमचं आधार कधी आणि कुठल्या पद्धतीने वापरलं गेलं ते तिथे दिसतं.

कुठल्या क्रमाने करायचं?

१. घरातल्या प्रत्येकाच्या आधारचे शेवटचे तीन आकडे तपासा. एका वहीत लिहा: कुणाचं आधार, कुणाचा नंबर. पासवर्ड किंवा पूर्ण आधार नंबर लिहू नका.

२. बंद, परका किंवा दुकानदाराचा नंबर असेल तर आधी तो बदला.

३. बँक सीडिंग बघा. नको त्या बँकेत असेल तर हव्या त्या बँकेत जाऊन सीडिंगचा अर्ज द्या.

४. मग योजनेच्या पोर्टलवर केवायसी. ओटीपी जमत नसेल तर चेहरा, तोही नाही तर सेवा केंद्रात अंगठा.

५. काम झाल्याचा स्क्रीनशॉट किंवा पावती घ्या. 'झालं' असं तोंडी कळणं पुरेसं नाही, स्थिती पुन्हा उघडून बघा.

६. सगळं झालं की बायोमेट्रिक लॉक.

आधारबद्दल अडचण आली तर १९४७ वर फोन करा. पैसे गेले तर लगेच १९३० वर. पहिल्या तासा-दोन तासांत कळवलं तर रक्कम पुढे जायच्या आधी गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते.

पीएम किसानचे हप्ते एप्रिल-जुलै, ऑगस्ट-नोव्हेंबर आणि डिसेंबर-मार्च असे असतात. जुलैत लावणी सुरू झाली की आपल्याकडे कुणाला वेळ नसतो आणि रेंजही नसते. त्यामुळे नंबर तपासायचं काम उन्हाळ्यात, पोरं सुट्टीला गावी आलेली असताना उरका. एका घराचं तपासायला अर्धा तास पुरतो.